उणे चाळीस अंशांचे कोडे

समजा, मे महिना आहे. नागपुरात दुपारचे तापमान ४५ अंशांवर गेले आहे. अशा वेळी एक मोटार गॅरेजमध्ये येते. समोरच्या फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला आहे आणि गाडी पेट्रोल जास्त खाते अशी मालकाची तक्रार आहे. मेकॅनिक गाडीला आपले तपासणीचे यंत्र, म्हणजे स्कॅनर, जोडतो. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान पडद्यावर उमटते: उणे ४० अंश सेल्सिअस!

विद्यार्थी मित्रहो, उणे ३९ अंशांच्या आसपास तर पारासुद्धा गोठतो. मग भर उन्हात गाडीला अशी थंडी कशी वाजली? तुम्ही म्हणाल, तापमान मोजणारा सेन्सर बिघडला असेल, दुसरे काय? काढून टाका आणि नवा बसवा! पुष्कळ ठिकाणी तसेच केले जाते. पण नवा सेन्सर बसवूनही आकडा उणे ४० वरच राहिला तर? मालकाचे पैसे गेले आणि दोष जिथल्या तिथेच.

म्हणून या लेखात आपण एक साधी गोष्ट शिकणार आहोत. एखादे उपकरण खोटे बोलते आहे अशी शंका आली, तर ते उपकरण, त्याची तार आणि त्याचे ऐकणारा संगणक या तिघांपैकी गुन्हेगार कोण, हे कसे ओळखायचे? यासाठी लागणारे सगळे विज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे: ओहमचा नियम, रोधकांची एकसर जोडणी आणि वायूंचे नियम.

हवेचे वजन कशासाठी?

पेट्रोल एकटे जळत नाही. त्याला हवेतला प्राणवायू लागतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली, तर पेट्रोल अर्धवट जळून धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. पेट्रोल कमी पडले, तर इंजिन अडखळते.

आता गंमत पाहा. प्रमाण ठरते वजनावर, पण इंजिनाचा सिलिंडर हवा ओढून घेतो ती आकारमानाने. एक लिटरचे भांडे एक लिटरच हवा घेणार, मग ती थंड असो की गरम. आणि हवा तापली की प्रसरण पावते, विरळ होते. समुद्रसपाटीच्या दाबाला एक लिटर कोरडी हवा ० अंशाला १.२९ ग्रॅम भरते, २० अंशांना १.२० ग्रॅम आणि ४० अंशांना सुमारे १.१३ ग्रॅम. म्हणजे नागपूरच्या हिवाळी पहाटेची एक लिटर हवा आणि नागपूरच्या उन्हाळी दुपारची एक लिटर हवा यांत पेट्रोल जाळण्याची ताकद सारखी नसते.

पूर्वीच्या मोटारींत हवा आणि पेट्रोल मिसळण्यासाठी कार्बोरेटर असे. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० मध्येही तोच होता. त्याला हवेचे तापमान मोजता येत नसे. थंडीच्या सकाळी चालकाला हाताने चोक ओढावा लागे. आजच्या गाड्यांत पेट्रोलची फवारणी एक छोटा संगणक ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात नव्या वाहनांना भारत स्टेज सहा हे धुराचे कडक निकष लागू झाले आणि त्यानंतर स्कूटर-मोटारसायकलींतही फवारणी सर्रास आली.

संगणकाने हवेचे वजन कसे काढायचे? काही गाड्यांत एक तापवलेली बारीक तार किंवा पातळ पट्टी हवेच्या झोतात ठेवलेली असते. ती किती थंड होते, यावरून वजन थेट कळते. दुसऱ्या पुष्कळ गाड्यांत संगणक इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान मोजतो व वायूंच्या नियमाने वजन काढतो. आकारमान ठाऊक, दाब ठाऊक, तापमान ठाऊक, की वजन आलेच. या दुसऱ्या प्रकारात तापमान चुकले तर वजन चुकते आणि वजन चुकले तर पेट्रोल चुकते. आपण पुढचा सगळा विचार याच प्रकारच्या गाडीचा करू.

उलट स्वभावाचा रोधक

हवेचे तापमान मोजणारा सेन्सर एअर फिल्टरनंतरच्या नळीत किंवा त्याही पुढे इंजिनाच्या तोंडाशी बसवलेला असतो. बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या टोपणात मसुरीच्या दाण्याएवढा एक मणी असतो. या मण्याला थर्मिस्टर म्हणतात. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंची ऑक्साइडे एकत्र भाजून तो बनवतात.

तांब्याची तार तापवली, तर तिचा रोध वाढतो. दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. थर्मिस्टरचा स्वभाव नेमका उलटा. तो तापला की त्याचा रोध घटतो, आणि तोही भराभर: नेहमीच्या तापमानाला दर अंशामागे सुमारे ४ टक्के. असे का? धातूत विजेचे वहन करणारे मोकळे इलेक्ट्रॉन मुळातच विपुल असतात. उष्णतेने अणूंची थरथर वाढते आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळा येतो. थर्मिस्टर मात्र अर्धवाहक असतो. त्यात विजेचे वहन करू शकणारे कण थोडेच. उष्णता मिळाली, की आणखी कण बंधनातून सुटतात आणि वाट सोपी होते. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरडे यांच्या लक्षात १८३३ साली आला होता. चांदीचे सल्फाइड तापवल्यावर विजेला जास्त सुलभ वाट देते, असे त्यांना आढळले.

गाड्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध तापमानाप्रमाणे साधारण असा बदलतो:

उणे ४० अंश: ४५,००० ओहम
० अंश: ५,९०० ओहम
२० अंश: २,५०० ओहम
४० अंश: १,२०० ओहम
६० अंश: ६०० ओहम
८० अंश: ३२० ओहम

हे आकडे एकदा नीट न्याहाळा. दर २० अंशांना रोध जवळजवळ निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. पुढे हेच आकडे आपल्याला चोर पकडून देणार आहेत.

संगणक तापमान पाहतच नाही

आता एक महत्त्वाचा प्रश्न. संगणकाला तापमान कसे कळते? खरे सांगायचे, तर त्याला तापमान कळतच नाही. त्याला कळतो फक्त विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट.

संगणकाच्या आत ५ व्होल्टचा स्थिर दाब असतो. तो एका ठराविक रोधकातून बाहेर सेन्सरकडे जातो आणि सेन्सरमधून दुसऱ्या तारेने परत येऊन शून्याला मिळतो. म्हणजे दोन रोधक एकसर जोडणीत आले: एक संगणकातला, न बदलणारा, दुसरा सेन्सरमधला, तापमानाप्रमाणे बदलणारा. या दोहोंच्या सांध्यावरचा दाब संगणक मोजतो.

सोईसाठी आतला रोधक २,५०० ओहमचा धरू. हवा २० अंश असेल, तर सेन्सरही २,५०० ओहमचा. दोघे सारखे, म्हणून ५ व्होल्टची निम्मी वाटणी: २.५ व्होल्ट. हवा ४० अंश झाली, तर सेन्सर १,२०० ओहम. एकूण रोध ३,७००. सेन्सरच्या वाट्याला १,२०० भागिले ३,७००, गुणिले ५, म्हणजे सुमारे १.६ व्होल्ट. हवा ० अंश असेल, तर याच रीतीने ३.५ व्होल्ट. हिशेब तुम्हीही करून पाहा.

संगणकाच्या स्मृतीत एक तक्ता साठवलेला असतो: इतके व्होल्ट म्हणजे इतके अंश. तो व्होल्ट मोजतो, तक्ता पाहतो आणि अंश सांगतो. त्या दाबामागे खरोखर हवा आहे, की कुठे तरी तुटलेली तार आहे, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

ढळढळीत खोटे

आता आपले कोडे सोडवू. समजा, सेन्सरची तार तुटली, किंवा त्याचे कनेक्टर निसटले. विजेला वाटच उरली नाही. प्रवाह शून्य. मग आतल्या रोधकावर दाब खर्च होत नाही आणि सांध्यावर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. संगणकाच्या तक्त्यात जास्त व्होल्ट म्हणजे जास्त रोध आणि जास्त रोध म्हणजे जास्त थंडी. म्हणून तो सर्वांत थंड आकडा सांगतो.

तो आकडा नेमका उणे ४० च का? गाडीचा संगणक स्कॅनरला तापमान पाठवतो ते ० ते २५५ यांपैकी एका पूर्णांकाच्या रूपात. त्यातून ४० वजा करून अंश वाचायचे, असा सर्वमान्य संकेत आहे. म्हणून या पद्धतीने सांगता येणारे सर्वांत कमी तापमान उणे ४० आणि सर्वांत जास्त २१५. तेव्हा पडद्यावर उणे ४० दिसले, की अनुभवी मेकॅनिक थंडीचा विचारच करीत नाही. तो म्हणतो, “कुठे तरी वाट तुटली आहे.”

याच्या उलट, दोन तारांची आवरणे घासून त्या एकमेकींना चिकटल्या, तर काय होईल? सेन्सरच्या जागी शून्य रोध. दाब शून्य व्होल्ट. संगणकाच्या मते हवा भयंकर तापलेली! पडद्यावर शंभराच्या बरेच वरचे आकडे दिसतात.

ही दोन्ही खोटी इतकी ढळढळीत आहेत, की संगणकालाही ती ओळखता येतात. तो दिवा लावतो, स्मृतीत दोषाचा सांकेतिक क्रमांक नोंदवतो आणि बहुतेक गाड्यांत सेन्सरचे ऐकणे सोडून एक ठरीव तापमान गृहीत धरून काम चालवतो. दाब फार कमी असेल तर क्रमांक पी ०११२, फार जास्त असेल तर पी ०११३. लक्षात घ्या, पी ०११३ चा अर्थ “सेन्सर बदला” असा नाही. त्याचा अर्थ एवढाच, की या वाटेवर दाब फार जास्त आहे. वाट कुठे तुटली, सेन्सरमध्ये की तारेत, हे अजून शोधायचे आहे.

पटण्याजोगे खोटे

जो साफ खोटे बोलतो, तो लवकर पकडला जातो. खरा त्रास देतो तो थोडेसे खोटे बोलणारा.

कोकणातला पावसाळा डोळ्यांसमोर आणा. चार महिने हवेत ओल, किनाऱ्याजवळ खारा वारा. कनेक्टरच्या आत तार आणि पिन जिथे दाबून जोडलेल्या असतात, तिथे तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट कळंक चढला. वाट तुटली नाही, पण अरुंद झाली. समजा, त्या सांध्यात १,५०० ओहमचा जादा रोध शिरला. तो सेन्सरशी एकसर जोडणीत आहे, म्हणून सेन्सरच्या रोधात मिळवायचा.

हवा खरोखर ४० अंश आहे. सेन्सर इमानदारीने १,२०० ओहम दाखवतो. पण संगणकाला जाणवतात १,२०० अधिक १,५००, म्हणजे २,७०० ओहम. तक्त्याप्रमाणे हे झाले सुमारे १८ अंश. आणि १८ अंश हा आकडा अगदी पटण्याजोगा आहे! दिवा लागत नाही. दोषाचा क्रमांक नोंदला जात नाही. संगणक बिचारा विश्वास ठेवतो.

परिणाम? वायूच्या नियमात तापमान निरपेक्ष, म्हणजे केल्व्हिनमध्ये घ्यायचे. खरे ३१३, समजलेले २९१. ३१३ भागिले २९१ म्हणजे सुमारे १.०७५. हवा आहे त्यापेक्षा साडेसात टक्के जास्त आहे असे समजून संगणक तितकेच जास्त पेट्रोल सोडतो.

शिवाय दुसरीही एक गोष्ट बिघडते. हवा फार गरम असेल, तर पेट्रोलचे मिश्रण वेळेआधी भडकून इंजिनात टकटक असा आवाज येण्याचा धोका असतो. म्हणून गरम हवेत संगणक ठिणगी जरा उशिरा पाडतो. हवा थंड आहे अशी त्याची समजूत झाली, की तो ही सावधगिरी सोडतो.

मात्र गाडीत दुसरा एक पहारेकरी असतो. धूर जाण्याच्या नळीत प्राणवायूचा सेन्सर बसवलेला असतो. जळून उरलेल्या वायूत प्राणवायू फार कमी आहे हे पाहून तो सांगतो, “पेट्रोल जास्त होते आहे.” मग संगणक फवारणी कमी करतो. ही दुरुस्ती किती टक्के चालू आहे, हे स्कॅनरवर दिसते. आपल्या उदाहरणात ती उणे ७ टक्क्यांच्या आसपास दिसेल. पण इंजिन नुकतेच सुरू झालेले असताना हा पहारेकरी अजून तापलेला नसतो, म्हणून कामावर नसतो. तेव्हा जादा पेट्रोल तसेच जाते. न जळलेले पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक डब्यात जळते. असे वारंवार झाले, तर तो महागडा डबा तापून खराब होऊ शकतो.

उणे ७ टक्के दुरुस्ती पाहून कोणी म्हणेल, पेट्रोलची फवारणी गळते आहे. कोणी म्हणेल, प्राणवायूचाच सेन्सर बिघडला. दोन्ही शक्य आहे. मग खरे कसे ओळखायचे?

साक्षीदार बोलवा

न्यायालयात एकाच साक्षीदारावर विसंबून निकाल देणे धोक्याचे असते. येथेही तसेच. हवेच्या सेन्सरची साक्ष तपासायला आपल्याला असे दुसरे साक्षीदार हवेत, की ज्यांचा पहिल्याशी संबंध नाही.

ते मिळतात पहाटे. गाडी रात्रभर सावलीत उभी राहिली, की इंजिन, त्यातले थंडावा देणारे पाणी, नळीतली हवा आणि बाहेरची हवा ही सगळी जवळजवळ एकाच तापमानाला येतात. इंजिनाच्या पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर वेगळा असतो आणि त्याच्या ताराही वेगळ्या असतात. तेव्हा सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी फक्त चावी फिरवून स्कॅनरवर दोन्ही आकडे वाचायचे आणि गाडीजवळ टांगलेला एक साधा तापमापकही पाहायचा. तिन्ही आकडे चार-पाच अंशांच्या आत जुळले पाहिजेत.

आपल्या कळंक चढलेल्या गाडीत काय दिसेल? खरे तापमान २० अंश धरा. तापमापक २०, पाणी २०. हवेच्या सेन्सरच्या वाटेवर मात्र २,५०० अधिक १,५००, म्हणजे ४,००० ओहम आणि आकडा ९ अंश. खोटे उघडे पडले! यासाठी एकही भाग बदलावा लागला नाही.

आणखी एक सुंदर खूण आहे. सकाळी २० अंशांना चूक ११ अंशांची होती, ४० अंशांना ती २२ अंशांची झाली. ६० अंशांच्या हवेला सेन्सर ६०० ओहमचा असतो. त्यात १,५०० मिळवले की २,१००, म्हणजे जेमतेम २५ अंश. चूक ३५ अंशांची! जादा रोध तोच आहे. पण सेन्सरचा स्वतःचा रोध जसजसा घटतो, तसतसा हा पाहुणा घरधन्यापेक्षा मोठा होत जातो. म्हणून पेट्रोलची दुरुस्ती सकाळी सुमारे ४ टक्के, दुपारी ७ आणि वाहतुकीच्या कोंडीत १२ टक्क्यांपर्यंत वाढताना दिसली, तर संशय फवारणीकडून तापमानाच्या वाटेकडे वळतो. हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांची दिशा बोलकी आहे.

येथे एक सावधगिरी. गाडी तासभर पळवून उन्हात उभी केली, दहा मिनिटांनी आकडा पाहिला आणि तो ६५ अंश निघाला, तर सेन्सरला दोष देऊ नका. इंजिनाची उष्णता बॉनेटखाली कोंडून नळीतली हवा खरोखरच तापलेली असते. गाडी चालू लागली आणि बाहेरची ताजी हवा आली, की आकडा उतरू लागतो. तो उतरला तर सेन्सर खरे बोलत होता. बराच वेळ झाला तरी हललाच नाही, तर मण्यावर तेलकट काजळीचा थर बसला आहे का, ते पाहायचे.

दोष नेमका कुठे?

खोटे पकडले. आता खोटे बोलणारा पकडायचा. चावी बंद करून कनेक्टर सोडवायचे. त्यामुळे वाटेचे दोन तुकडे पडतात: एका बाजूला एकटा सेन्सर, दुसऱ्या बाजूला तार आणि संगणक. दोघांची उलटतपासणी वेगवेगळी.

पहिली तपासणी सेन्सरची. मल्टिमीटर ओहमवर लावून सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजायचा. हवा २० अंश असताना आपल्या तक्त्याप्रमाणे २,५०० च्या जवळपास आला, तर सेन्सर निर्दोष. केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम झोत मण्यावर सोडला, की रोध सरसर उतरला पाहिजे. अधूनमधून उड्या मारत उतरला, तर आत तडा आहे.

दुसरी तपासणी तार आणि संगणक यांची. कनेक्टर सुटलेले असताना चावी फिरवायची. वाट तुटलेली आहे, म्हणून पडद्यावर उणे ४० यायलाच हवे. आले नाही आणि आकडा भलताच गरम राहिला, तर तारा कुठे तरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मग चावी बंद करून संगणकाकडून येणाऱ्या दोन पिना एका छोट्या तारेने जोडायच्या आणि चावी पुन्हा फिरवायची. आता शून्य रोध, म्हणून आकडा एकदम कमाल उष्णतेवर जायला हवा. गेला नाही आणि उणे ४० वरच राहिला, तर तार तुटली आहे किंवा संगणकात दोष आहे.

आपल्या कळंकाच्या गाडीत काय होते पाहा. एकटा सेन्सर मोजला तर २,५०० ओहम: निर्दोष! कनेक्टर सोडवले तर उणे ४०: तेही ठीक. पण दोन पिना जोडल्या, की आकडा कमाल उष्णतेवर न जाता ३३-३४ अंशांवरच अडकतो. का बरे? वाटेत आपला १,५०० ओहमचा लपलेला पाहुणा शिल्लक आहे, आणि तक्त्यात १,५०० ओहम म्हणजे ३३-३४ अंश. चोर नुसता सापडला नाही, त्याचे वजनही कळले! नवा सेन्सर बसवून काहीच साधले नसते. सांधा साफ करून पिन नवी बसवली, की काम झाले.

ही तपासणी गाडीवर जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावी. काही गाड्यांत हा सेन्सर हवेचा दाब किंवा वजन मोजणाऱ्या दुसऱ्या सेन्सरबरोबर एकाच टोपणात असतो आणि पिना चार-पाच असतात. कोणती पिन कशाची हे गाडीच्या आकृतीत पाहिल्याशिवाय पिना जोडणे म्हणजे संगणकालाच इजा करण्याचा धोका. तसेच चालू इंजिनाजवळ सैल कपडे, हात आणि तारा नेऊ नयेत.

वर्गात करून पाहा

गाडी नसली तरी हे सगळे नाटक टेबलावर रंगवता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत किंवा तुमच्या गावच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात १०,००० ओहमचा थर्मिस्टर थोड्या पैशांत मिळतो. त्याच्याबरोबर १०,००० ओहमचे दोन साधे रोधक, दीड व्होल्टचे दोन सेल, एक मल्टिमीटर आणि एक तापमापक घ्या.

१. थर्मिस्टर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात, साध्या पाण्यात आणि कोमट ते गरम पाण्यात क्रमाने बुडवा. प्रत्येक वेळी दोन मिनिटे थांबून तापमान आणि रोध लिहा. बर्फात तीस हजारांच्या वर आणि ५० अंशांना साडेतीन हजारांच्या आसपास आकडे येतील. आलेख काढा. ती सरळ रेषा येते का?

२. दोन सेल, एक रोधक आणि थर्मिस्टर एकसर जोडणीत जोडून थर्मिस्टरवरचा दाब मोजा. तुमचा “संगणक” तयार झाला. आलेखावरून व्होल्ट आणि अंश यांचा तक्ता बनवा.

३. आता थर्मिस्टरचे एक टोक सोडवा. दाब पूर्ण ३ व्होल्ट होतो: उणे ४० अंशांचे कोडे! मग थर्मिस्टरची दोन टोके तारेने जोडा. दाब शून्य होतो.

४. शेवटी एका मित्राला तुमच्या नकळत दुसरा १०,००० ओहमचा रोधक थर्मिस्टरशी एकसर जोडायला सांगा. दाब मोजताना थर्मिस्टर आणि हा रोधक दोन्ही मिळून मोजा. तुमचा तक्ता आता पटण्याजोगे खोटे बोलू लागेल. तापमापकाची साक्ष काढून आणि उलटतपासणी घेऊन लपलेला रोध किती ओहमचा आहे, ते शोधा.

शिक्षकांनी चौथ्या प्रयोगात वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळ्या किमतीचा रोधक दिला, तर तपास अधिक रंगेल. कोणत्या गटाने एकही भाग न बदलता, केवळ मोजून, अचूक उत्तर काढले ते पाहावे.

आणि जाता जाता एक प्रश्न. आपल्या गाडीत कळंकाऐवजी दोन तारांमध्ये ओल शिरून सेन्सरला समांतर अशी १०,००० ओहमची वाट तयार झाली, तर हवा खऱ्यापेक्षा थंड दिसेल की गरम? आणि चूक सकाळच्या गारव्यात मोठी असेल की दुपारच्या उन्हात? समांतर जोडणीचे सूत्र घ्या, वरचा तक्ता घ्या आणि कागदावर हिशेब मांडा. उत्तर तुमच्या हाती आहे.